हिवाळ्यात कोकणात काइट बग्गी चालवायची तर वाऱ्याआधी तिथी बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही कोथरूडला राहता, लहानपणापासून संक्रांतीला पतंग उडवत आलात. जर्मनीहून परतलेल्या मित्राकडे ५ चौरस मीटरचा फॉइल पतंग (काड्या नसलेला, कप्प्यांत हवा भरून फुगणारा) आणि पतंगाने ओढली जाणारी तीनचाकी काइट बग्गी पडून आहे. नाताळच्या सुट्टीत ती काशीदला किंवा दिवेआगरला नेऊन चालवावी असं मनात आहे. किनारा कोणता निवडावा, वारा किती लागतो आणि तिथे गेल्यावरच शिकता येईल का, हे तुम्ही विचारलंय.

कोकणात बग्गी नक्की चालवता येते. फक्त नाताळाचा आठवडा सोडा, काशीद सोडा, आणि पतंग हातात बसायच्या आधी बग्गीत बसू नका. जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी, द्वादशी किंवा त्रयोदशीची दुपार आणि दिवेआगरसारखी रुंद, सपाट पुळण (वाळूचा किनारा), एवढं जुळलं की तुमच्या हातातला पतंग पुरेसा आहे. आता यामागची कारणं सांगतो, कारण ती कळली की पुढच्या तारखा तुम्हाला स्वतःलाच काढता येतील.

व्हिडिओत तुम्ही पाहिलेले किनारे बहुधा डेन्मार्कमधलं रोमो, जर्मनीतलं सांक्ट पीटर-ऑर्डिंग किंवा नेदरलँड्सचे असणार. तिथे हिवाळ्यात बग्गी चालते याचं कारण साधं आहे: आंघोळीला येणारी गर्दी नसते आणि समुद्रावरून येणारा वारा दिवसच्या दिवस टिकून राहतो. आपल्याकडे दोन्ही गोष्टी उलट आहेत. नाताळात अर्धं पुणं किनाऱ्यावर असतं, आणि डिसेंबरातला वारा दिवसातून दोनदा दिशा बदलतो. आणखी एक फरक सहसा कुणी सांगत नाही. ५ अंश तापमानाची हवा ३० अंशांच्या हवेपेक्षा साधारण ८ ते ९ टक्के जड असते, म्हणजे तितक्याच वेगाच्या वाऱ्यात तिकडचा पतंग थोडा जास्त ओढतो. त्यामुळे पतंगाच्या पिशवीवर छापलेला वाऱ्याचा तक्ता कोकणात जरासा सैल धरावा लागतो. हा फरक छोटा आहे, दिशेचा मात्र मोठा.

शाळेत शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे इथे शब्दशः कामाला येतात. हिवाळ्याच्या रात्री जमीन लवकर गार होते आणि पहाटेपासून सकाळी दहा-साडेदहापर्यंत वारा पूर्वेकडून, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. नवख्या माणसाला हाच वारा मोहात पाडतो. सकाळ थंड असते, किनारा मोकळा असतो, पतंगही वर जातो. पण हा वारा सुरूच्या बनावरून आणि मागच्या डोंगरांवरून उतरतो, म्हणून तो फाटका, झटक्यांचा असतो. शिवाय तुमच्या हातून काहीही सुटलं, तर ते थेट समुद्रात जातं. ओल्या, पाणी भरलेल्या फॉइलच्या मागे पोहत जाण्याचा विचारसुद्धा करू नका. जमिनीवरून येणाऱ्या वाऱ्यात पतंग पिशवीतून बाहेरच काढायचा नाही, हा माझ्याबरोबर येणाऱ्या प्रत्येकासाठी पहिला नियम असतो.

अकरा-बाराच्या सुमारास वारा पडतो. मग समुद्रावरून हलकी झुळूक सुरू होते आणि दोन ते चार या वेळात ती पुरेशी भरते. आपला किनारा साधारण उत्तर-दक्षिण पसरलेला आहे आणि दुपारचा वारा बहुतेक वायव्येकडून येतो. बग्गीला हेच हवं असतं: वारा तिरका, पाण्याकडून जमिनीकडे येणारा, आणि तुम्ही त्याला आडवे, किनाऱ्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे. डिसेंबरात ही झुळूक कित्येकदा पतंग धरून ठेवण्यापुरतीही नसते. जानेवारी सरत आला की जमीन दुपारी जास्त तापू लागते आणि वाऱ्याला अंग येतं. उत्तर भारतात पाऊस-बर्फ होऊन गेला आणि आपल्याकडे एकदम गारठा वाढला, की त्या दिवसांत कोकणातही उत्तरेच्या वाऱ्याचा जोर जाणवतो. असे दोन-तीन दिवस हवामानाच्या अंदाजात दिसले, तर रजा टाकायला हरकत नाही.

आता तिथीकडे येतो, कारण माझ्या मते सगळं यावरच ठरतं. वारा तासाभराने येतो, पण पुळणच पाण्याखाली असेल तर आलेला वारा काय कामाचा? कोकणातल्या लोकांचा जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर ४ चे पाऊणपट ३, म्हणजे दुपारी तीन आणि पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. शुद्ध पक्ष असो की वद्य, मोजणी प्रतिपदेपासूनच करायची. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. हे गणित ढोबळ आहे, अर्ध्यापाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून निघण्याआधी भरती-ओहोटीचा तक्ता पाहून घ्याच. पण सुट्टी कोणत्या शनिवारी टाकायची हे ठरवायला कालनिर्णय पुरतं.

आपल्याला दुपारी दोन ते चार या वेळात पाणी सर्वांत खाली गेलेलं हवं. एकादशीला भरती साधारण सव्वाआठला, ओहोटी अडीचच्या आसपास. द्वादशीला ओहोटी सव्वातीनच्या सुमारास, त्रयोदशीला चारच्या. यातही द्वादशी-त्रयोदशी जास्त चांगली, कारण पौर्णिमा-अमावस्या जवळ येत असते, उधाणाचं पाणी जितकं वर चढतं तितकंच खाली जातं, आणि वाळूचा पट्टा रुंद होतो. पट्टा किती रुंद होतो, हेही बसल्या जागी मोजता येतं. किनाऱ्याचा उतार ५० ला १ असेल आणि पाणी २ मीटर खाली गेलं, तर १०० मीटर रुंदीची ओली, घट्ट वाळू उघडी पडते. अष्टमी-नवमीच्या भांगाच्या, म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या, दिवसांत पाणी इतकं खाली जातच नाही.

उलट बाजूने पाहा. दिवेआगरच्या सुवर्णगणेशाला संकष्टीच्या दिवशी लोक येतात, आणि वद्य चतुर्थीची भरती नेमकी दुपारी तीनला. म्हणजे ज्या दिवशी गर्दी सर्वाधिक, त्याच दिवशी वारा भरायच्या वेळेला पुळण पाण्याखाली. असे दिवस आधीच खोडून टाका. आणि ओहोटी पूर्ण झाल्यावर निवांत राहू नका. पाणी परत फिरल्यावर पहिला तास सावकाश चढतं, तिसऱ्या-चौथ्या तासात सर्वांत वेगाने चढतं. खाडीच्या तोंडाशी तर ते आधी तुमच्या मागच्या सखल भागात शिरतं आणि परतीचा रस्ता तोडतं. त्या टोकाला बग्गी नेऊ नका.

वाळू प्रत्येक किनाऱ्याची वेगळी. काशीदची पांढरी वाळू दिसायला सुंदर, पण भुसभुशीत आणि उताराची, चाकं रुततात. गर्दी, घोडे, उंट आणि चारचाकी बाइक हे वेगळंच. लाडघरला लाल गोटे आहेत. दिवेआगर मला पुण्याहून जाणाऱ्यांसाठी सर्वांत सोयीचं वाटतं: ताम्हिणीतून माणगाव-म्हसळ्यामार्गे सुमारे १६० किलोमीटर, पुळण चारेक किलोमीटर लांब, उतार मंद. गर्दी देवळाकडून येणाऱ्या वाटेच्या तोंडाशी जमते. तिथून बरंच चालत गेलं की किनारा मोकळा होतो. दापोलीकडे कर्दे आणि आणखी दक्षिणेला गुहागर हे लांब किनारे आहेत, पण गुहागर एका दिवसात जाऊन-येऊन होणारं नाही.

किनाऱ्यावर पोचल्यावर आधी पतंग काढायचा नाही. पूर्ण पट्टा चालून यायचं, अनवाणी. टाचेखाली वाळू टणक लागते की दबते, ते पायाला लगेच कळतं. आरशासारखी चकचकणारी वाळू पाण्याने तुडुंब असते, तिच्यात चाक बसतं. अगदी वरची कोरडी वाळूही नको. या दोन्हींच्या मधला, मंद ओलसर दिसणारा पट्टा आपला. मी सोबत जुनी सायकल नेतो. त्या पट्ट्यावर सायकल सहज चालली तर बग्गी पळणार. चालताना आडवे येणारे वहाळ, त्यांनी कापलेले हातभर उंचीचे वाळूचे काठ, होड्यांचे नांगर आणि वाळूत अर्धे पुरलेले दोर नीट लक्षात ठेवा. खाली बसल्यावर डोळे जमिनीपासून जेमतेम दोन-अडीच फुटांवर येतात आणि यातलं काहीच आधी दिसत नाही. मी अशा जागी बांबूला लाल फडकं बांधून ठेवतो.

तुमच्या संक्रांतीच्या सवयीबद्दल. नजर, वारा ओळखणं, दोर न गुंतवता सोडणं, हे सगळं उपयोगाचं आहे. पण एक सवय मोडावी लागेल. आपल्या पतंगाला ओढ वाढली की हात आपोआप ढील देतो. इथे आसारी नाही. चार दोर २० ते २५ मीटरचे, ठरावीक लांबीचे. दोन वरचे ओढीचे, दोन मागच्या कडेचे ब्रेकचे, आणि हातात दोन मुठी. डावी मूठ ओढली की पतंग डावीकडे वळतो, उजवी ओढली की उजवीकडे. ढील द्यायला काही उरलेलंच नसतं. ओढ आवरेनाशी झाली तर एकच उपाय: मुठी सोडून देणं. मनगटाच्या पट्ट्यांना ब्रेकचे दोर जोडलेले असतात, मुठी सोडल्या की तेवढेच ताणले जातात आणि पतंग हवा टाकून खाली येतो. या पट्ट्यांना काइट किलर म्हणतात. मित्राच्या सामानात ते नसतील, तर ते येईपर्यंत पतंग उघडू नका. घट्ट धरून ठेवणाऱ्यालाच या खेळात मोठी दुखापत होते, म्हणून मुठी सोडण्याचा सराव मुद्दाम, पुन्हा पुन्हा, हलक्या वाऱ्यात करायचा. विचार न करता हात उघडले पाहिजेत.

ओढ वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाने वाढते. १० नॉट म्हणजे ताशी साधारण १८ किलोमीटर. तो १५ नॉट झाला की तोच पतंग सव्वादोन पट ओढतो, २० झाला की चौपट. शिवाय पतंग डोक्यावर स्थिर असताना शांत असतो, पण तो समोरून, वाऱ्याच्या मधोमध झपकन फिरवला की स्वतःच्या वेगाने स्वतःसाठी वारा वाढवतो, आणि ओढ एका क्षणात अनेक पट होते. म्हणून ५ चौरस मीटर हा आकडा ऐकायला छोटा वाटला तरी १५ नॉटला तो तुमच्यासाठी मोठा आहे. ८ ते १२ नॉट असेल तरच तो उघडा. शिकण्यासाठी खरं तर ३ चौरस मीटरचा चार दोऱ्यांचा पतंग मिळवा. पुढे जोराच्या दिवशी तोच वापराल. हातातलं छोटं वारामापक यंत्र घ्याच. ते नसेल तर दूरच्या पाण्यावर इथे-तिथे पांढरा फेस फुटू लागलाय का ते बघा; तिथून आपलं काम सुरू होतं. सगळं पाणीच फेसाळलं असेल तर पहिल्या हंगामात नुसतं बघत बसा. यंत्रावर घटकेत ६ आणि घटकेत १५ दिसत असेल, तरी पिशवी बंद.

हे सगळं पुण्यात, पायी शिका. वेताळ टेकडीवर झाडं आणि फिरायला आलेली माणसं आहेत, तिथे नको. विमानतळाच्या बाजूला अजिबात नको. सासवड-जेजुरीकडे सुगीनंतर मोकळी पडलेली माळरानं असतात. जमीनमालकाला विचारून, चारी बाजूंना विजेच्या तारा नाहीत ना हे डोळ्यांनी पाहून मगच उघडा. ओला दोर वीज वाहून नेऊ शकतो आणि उच्च दाबाच्या तारेजवळ त्याला स्पर्शाचीही गरज नसते. कामशेतला पॅराग्लायडिंग शिकलेलं कुणी ओळखीचं असेल तर त्यांना बरोबर घ्या. जमिनीवर उभं राहून पॅराशूटचं कापड हाताळायची त्यांना सवय असते आणि दोर कसे मांडायचे हे ते तासाभरात शिकवतात. पतंग डोक्यावर, डावीकडच्या कडेला, उजवीकडच्या कडेला, तुम्ही म्हणाल तिथे न बघता थांबू लागला, ब्रेक ओढून म्हणाल तिथे उतरू लागला, की बग्गीचा विचार करा. मधल्या काळात कमरेला हार्नेस, म्हणजे पतंगाची ओढ अंगावर घेणारा पट्टा, बांधायचा नाही. पतंगाबरोबर उडी मारून बघण्याचा मोह तर कायमचा सोडा. माणसं यात उचलली गेली आहेत आणि मेलीही आहेत.

बग्गीला ब्रेक नसतो. १८२६ साली ब्रिस्टलच्या जॉर्ज पोकॉक या शाळामास्तराने पतंगांनी ओढायच्या गाडीचं पेटंट घेतलं होतं. त्या वेळचा टोल घोड्यांवर असल्यामुळे त्याच्या गाडीला टोल लागत नसे, म्हणतात. आजची बुटकी, पायाने पुढचं चाक वळवायची तीनचाकी मात्र १९९० च्या आसपास न्यूझीलंडच्या पीटर लिन यांनी रूढ केली. तिचा वेग पतंग वाढवतो आणि पतंगच कमी करतो. थांबायचं तर पतंग हळूहळू डोक्यावर आणा आणि पुढचं चाक वाऱ्याकडे वळवा, वेग मरतो. मग पतंग कडेला नेऊन ब्रेकवर उतरवा. पतंग समोर खाली आणि बग्गी वाऱ्याच्या दिशेने पळतेय, अशी वेळ येऊ देऊ नका. बग्गी पतंगाला गाठते, दोर सैल पडतात, पतंग कोसळतो, आणि पुन्हा भरला की असा हिसका देतो की माणूस बैठकीतून बाहेर जातो.

पहिल्या दिवशी फक्त आडवी धाव घ्या. पतंग घड्याळात दहा किंवा दोन वाजतात तेवढ्या उंचीवर, एका कडेकडे. बग्गी निघाली की पतंग सारखा वरखाली हलवायचा मोह होतो. मंद वाऱ्यात ते लागतं, पण वेग आल्यावर तो एका जागी धरून ठेवायला शिका. बग्गी पळू लागली की चेहऱ्याला लागणारा वारा समोरून येऊ लागतो आणि पतंग मागे सरकतो, हे घाबरण्यासारखं नाही. वळण घ्यायचं तर आधी पतंग वर, मग चाक, मग पतंग नव्या बाजूला. हा क्रम चुकला की आडवं पडणं ठरलेलं. चांगल्या वाळूवर बग्गी वाऱ्यापेक्षा जास्त वेगाने पळते, त्यामुळे हेल्मेट, हातमोजे, कोपर-गुडघ्यांची पॅडं आणि बंद बूट हवेतच. पाय पेगांवरून (पाय ठेवायच्या दांड्यांवरून) कधीही खाली टेकवू नका. चालत्या बग्गीत टेकवलेला पाय मागच्या धुरीखाली जातो.

किनारा आपल्या एकट्याचा नाही, हे मी फार गांभीर्याने घेतो. मांज्याने कापलेले गळे पुण्याने पाहिले आहेत, आणि आपले दोर मांजा नसले तरी ताणलेले असताना कातडी चिरतात. वाऱ्याच्या खालच्या बाजूला दोरांच्या दुप्पट, म्हणजे किमान ५० मीटर जागा पूर्ण रिकामी हवी. एक सोबती केवळ लोकांना थांबवण्यासाठी उभा ठेवा, कारण पोरं रंगीत पतंगाकडे धावतातच. गाड्यांनी किनारे नासवल्याने गावकरी चाकं पाहिली की वैतागतात, आणि त्यांचा वैताग रास्त आहे. आधीच ग्रामपंचायतीशी बोलून, इंजिन नाही, एवढ्या वाजता एवढ्या पट्ट्यात, असं सांगून परवानगी घ्या. नाही म्हणाले तर ऐका. होड्या ओढत असतील, जाळी वाळत असतील, तिथून लांब राहा.

आणि हिवाळा म्हणजे ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी घालण्याची वेळ. वेळास त्यासाठी प्रसिद्ध आहे, पण दिवेआगर, हरिहरेश्वर, केळशी, आंजर्ले, गुहागर इथेही घरटी सापडतात. माद्या भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत अंडी घालतात. त्या पट्ट्यात चाक न्यायचंच नाही, बग्गी ओढत नेतानाही नाही. गावातल्या कासवमित्रांना विचारून रस्ता घ्या. पिल्लं सोडायची असतील त्या संध्याकाळी पतंग आधीच उतरवून ठेवा. ओहोटीच्या वाळूवर कुरव या समुद्रपक्ष्यांचे थवे बसलेले असतात. फार लांबून आलेले पाहुणे आहेत ते. त्यांना उठवत बग्गी पळवू नका, वळसा घाला.

बग्गीबद्दल थोडंसं. धुरी आणि पुढचा फोर्क सुटा होतो, त्यामुळे ती हॅचबॅकच्या डिकीत बसते. हातगाडीच्या मापाची साधी चाकं घट्ट वाळूवर चालतात. कोकणासाठी रुंद टायर असतील तर उत्तम, आणि हवा कमी ठेवायची. जुन्या बग्गीची बेअरिंगं गंजलेली असणार. भोसरीत कुठेही सील केलेली बेअरिंगं मिळतील आणि वेल्डिंगही तपासून मिळेल. बैठकीचे पट्टे मात्र स्वतः ओढून बघा. घरून निघण्यापूर्वी चारही दोर एका खिळ्याला अडकवून लांबी जुळते का पाहा. ओढीच्या दोन दोरांत बोटभर जरी फरक असला तरी पतंग एका बाजूला ओढत राहतो आणि दोष तुम्ही स्वतःच्या हाताला देत बसता.

परत आल्यावर त्याच रात्री, कितीही दमला असलात तरी, बग्गी गोड्या पाण्याने धुवा. पतंगाच्या कप्प्यांत वाळू साठते. तो उलटा धरून झटका, पाण्यातून काढा, सावलीत वाळवा, पूर्ण सुकल्यावरच घडी घाला. दोर बादलीत भिजवून मीठ काढा. येत्या पौष-माघातल्या द्वादशी-त्रयोदशी कॅलेंडरात खुणा करून ठेवा. त्यातली एखादी शनिवार-रविवारी आली, तर शुक्रवारी रात्री नव्हे, शनिवारी पहाटे निघा. ताम्हिणीतून उजेडात उतराल आणि दहाला पोचलात तरी वारा फिरायच्या आत पुळण चालून व्हायला वेळ मिळेल.